जूनपासूनची सोय

शाळा सुरू झाल्या. वह्यांना कव्हरं घालून झाली, वेळापत्रक लागलं, कोण कुठल्या बाकावर बसणार हेही ठरलं. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयींबद्दल बोलायची हीच वेळ आहे. एरवी हा विषय निघतो तो बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर. लेखनिक कुठून आणायचा, जादा वेळेचा अर्ज कोणाकडे द्यायचा, प्रमाणपत्र कधी हातात पडणार, अशी पालकांची पळापळ सुरू होते. परीक्षेत सोय मिळायलाच हवी. पण वर्षभर वर्गात नसलेली सोय एकदम परीक्षेच्या खोलीत मिळाली, तर तिचा मुलाला उपयोग किती होणार?

लेखनिकाचंच घ्या. ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात चालत नाही, असा विद्यार्थी उत्तर सांगतो आणि लेखनिक ते उतरवून घेतो. ऐकायला सोपं वाटतं. आता भूमितीचा पेपर डोळ्यांसमोर आणा. मुलाला सांगावं लागतं, ‘‘रेख बीसी काढ, सहा सेंटिमीटर. बी केंद्र धर, पाच सेंटिमीटरचा कंस वरच्या बाजूला मार. आता सी केंद्र धर.’’ आकृती दुसऱ्याच्या हातून उतरते, पण ती रचायची मात्र या मुलाच्या डोक्यात. निबंधाचीही तीच गत. परिच्छेद कुठे पाडायचा, मागच्या ओळीतला कुठला शब्द खोडायचा, हे सांगत सांगत पुढचं वाक्यही मनात धरून ठेवावं लागतं. हे सरावानेच जमतं. चाचणी परीक्षेपासून लेखनिक मिळाला, तर मार्चपर्यंत मूल त्यात तयार होतं. पहिल्या पेपरला पहिल्यांदाच लेखनिकाची गाठ पडली, तर मिळालेला जादा वेळ एकमेकांना समजून घेण्यातच जातो.

या जादा वेळेचं मोल सर्वोच्च न्यायालयासमोरही आलेलं आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा द्यायला सांगितलं होतं. २०२१ च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया, म्हणजे लेखनाची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर तो तास दिला गेला नाही. तिच्यावर अन्याय झाला, हे न्यायालयाने मान्य केलं. परीक्षा पुन्हा घ्यायचा आदेश मात्र दिला नाही. भरपाई कशी करता येईल ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ठरवावं, असं सांगितलं. निकाल बाजूने लागला, तरी पेपर काही परत लिहायला मिळाला नाही.

कायद्याला या साऱ्याची जाण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणं आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं, ही जबाबदारी नव्या कायद्याने शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. लवकर म्हणजे अर्थातच दहावीचा फॉर्म भरताना नव्हे. ‘ब’ आणि ‘भ’मध्ये अडखळणारं, तोंडी सगळं सांगणारं आणि वहीत दोन ओळींवर थांबणारं मूल तिसरी-चौथीच्या वर्गशिक्षकाला दिसतच असतं. त्याच्या वहीवर ‘निष्काळजीपणा’ असा शेरा पडतो आणि पुढची पाच-सहा वर्षं वाया जातात.

या एकवीस प्रकारांत सिकलसेलही आहे. गडचिरोलीत, नंदुरबारात, आदिवासी भागातल्या कितीतरी शाळांत ही मुलं आहेत. वरून काहीच कळत नाही. पण शरीरातलं पाणी कमी झालं, फार दमणूक झाली किंवा गारठा बसला, की असह्य दुखणं उठू शकतं. अशा मुलाला काय लागतं? पाण्याची बाटली बाकावर ठेवायची मुभा, कवायतीत मध्ये बसायची परवानगी आणि दुखण्यात बुडालेला अभ्यास भरून काढायला मदत. खर्च शून्य.

ऐकू कमी येणाऱ्या मुलीला पहिल्या बाकावर बसवलं, की आपण सुटलो असं वाटतं. पण फळ्याकडे तोंड करून बोललेलं तिला ओठांवरून वाचता येत नाही. मागच्या बाकावरून कोणी उत्तर दिलं, तर ते तिच्यापर्यंत पोचतच नाही. बाईंनी वर्गाकडे वळून ते उत्तर एकदा पुन्हा म्हटलं, तर तीही त्या चर्चेत येते. नजर अधू असलेल्या मुलासाठी फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचावं. एवढ्याने काम भागतं आणि बाकीच्या वर्गाचंही भलंच होतं.

पैसे लागतात तिथे मात्र हिशेब नीट करावा लागतो. रॅम्पचं प्रमाण एकास बारा असं सांगितलेलं आहे. शाळेचं जोतं दीड फूट उंच असेल, तर उतार अठरा फूट लांब हवा. पायऱ्यांच्या कडेला सहा फुटांत सिमेंट ओतून ‘रॅम्प आहे’ अशी नोंद करता येते, पण त्यावरून मुलाला स्वतःची चाकाची खुर्ची चढवता येत नाही. उतरताना ती उलटायची भीती. जागा नसेल, तर निदान त्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर ठेवा. प्रयोगशाळा माडीवर असेल, तर त्याच्या तुकडीचा प्रयोग खाली घ्या. वेळापत्रक करतानाच हे ठरलं पाहिजे, आणि वेळापत्रक जूनमध्ये होतं.

म्हणून मुख्याध्यापकांना माझं सांगणं आहे. पहिल्या पंधरवड्यात अशा प्रत्येक मुलाच्या पालकांना बोलवा. मुलालाही बसवा, कारण काय अडतं ते त्यालाच नेमकं माहीत असतं. ठरेल ते एका कागदावर लिहा आणि त्याची प्रत त्या वर्गावर जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला द्या, बदली शिक्षकालासुद्धा. पालकांनो, शाळेने बोलावलं नाही, तर तुम्ही जा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ‘परीक्षा जवळ आली की बघू,’ असं उत्तर मिळालं, तर पहिली घटक चाचणी कधी आहे, एवढं विचारा आणि सोय त्या चाचणीपासूनच मागा.