ठाऊक आहे त्याचा हिशोब
(जिंतूर येथील कापणीच्या सणाच्या मेळाव्यातील भाषण)



आता वाचलेला लूक 12 मधला शास्त्रभाग आपल्या परिचयाचा आहे. धन्याची इच्छा ठाऊक नसलेल्या चाकराला मार थोडा आणि ठाऊक असून गप्प बसलेल्याला पुष्कळ. हा दाखला आमच्यासाठी की सगळ्यांसाठी, असे पेत्राने आधीच विचारले होते (वचन 41). आपणही मनात तेच विचारतो, आणि उत्तर 'सगळ्यांसाठी' यावे अशी आपली इच्छा असते!

मला वाटते, आपल्या मंडळ्यांत अज्ञान ही अडचण नाही. रविवारचा संदेश आहे, संडे स्कूल आहे, घरसभा आहेत, आता तर रोज सकाळी मोबाईलवर वचन येते. मग याकोब 4:17 कोणाला लागू होते?

पंडिता रमाबाईंनी उपासमार पुस्तकात वाचली नव्हती. तरुणपणी दुष्काळातच त्यांचे आईवडील गेले. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा पुण्यातले शारदा सदन चालवणे हेच त्यांना पुरेसे काम होते. तरी त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती त्यातूनच उभे राहिले. भूक काय असते हे ठाऊक असल्यावर त्यांना घरी बसवेना.

आपल्या जिल्ह्यात तशी ओळखीची गरज कोणती? मी पारधी वस्त्यांविषयी बोलते. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण गावाच्या मनातून गेला नाही. चोरी झाली की आजही पहिली नजर पालाकडे जाते. आणि अनुसूचित जमातीचा दाखला मागायला गेले की 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांना कोणी गावात टिकू दिले नाही, त्यांनी गावचा कागद आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून मुलाला शिष्यवृत्ती नाही, शबरी घरकुल नाही.

इथे बसलेल्यांत निवृत्त शिक्षक आहेत, तहसीलमध्ये नोकरी केलेले आहेत. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा कसा मागायचा, निजामाच्या काळातली उर्दू नोंद कोणाकडून वाचून घ्यायची, हे तुम्हांला ठाऊक आहे. पालावरच्या आईला ते ठाऊक नाही. पुष्कळ दिले आहे ते हेच, पैसा नव्हे.

शेतमालकांनाही एक सांगते, रागावू नका. सालगड्याची मजुरी पुढच्या आठवड्यावर ढकलताना याकोबाचा पाचवा अध्याय आपण वाचलेला असतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. मग आईवडील भेटणार नाहीत, सहीअंगठा मिळणार नाही, अर्ज सहा महिने अडकेल. म्हणून सोमवारी सकाळी दहा वाजता मी चार कुटुंबांना घेऊन तहसील कार्यालयात जाणार आहे. मला दोन माणसे हवीत: एक अर्ज लिहिणारा, आणि एक जो दुपारपर्यंत रांगेत थांबेल. उपासना संपल्यावर मी दाराशी वही घेऊन उभी आहे.