सुट्टी घरातलीच

यंदा कांद्याला भाव मिळाला नाही, म्हणून कोकणची सहल राहिली. मुलं हिरमुसली. मग आम्ही दोघी जावांनी ठरवलं, आठ दिवस घरीच सुट्टी करायची. सकाळी कुरडयांचा गरम चीक, दुपारी फरशीवर खडूनं घरं आखून चिंचोक्यांचा खेळ, रात्री गच्चीवर सप्तर्षी शोधायचे. एक दिवस एसटीनं नगरला जाऊन 1994 सालचं रणगाडा संग्रहालय पाहिलं. बायकांना तिकीट अर्धंच!

त्या रात्री आम्ही भांडी घासत होतो. धाकटी म्हणाली, "आई, काकू, तुमची सुट्टी कधी?" आम्ही गप्पच झालो. दुसऱ्या दिवसापासून भांडी मुलं आणि त्यांचे बाबा घासतात. मैत्रिणींनो, आईला सुट्टी नाही, ती घराची सुट्टी कसली?