छपरावरील अँटेना आणि तबकडी

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. भूमीवरील मनोऱ्याची लहर बहुतांशीं सरळ रेषेंत जाते. वाटेंत डोंगर आला कीं अडते. सुरगाण्यासारख्या डोंगराळ मुलखांत म्हणूनच उंच बांबूवर अँटेना चढवूनही पडद्यावर मुंग्याच दिसाव्यात.

डिसेंबर २००४ मध्यें दूरदर्शनची विनामूल्य उपग्रहसेवा आली. तिचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असून सुरगाण्याहून आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ५७ अंशांवर असतो; डोंगर सहसा आड येत नाहीं. एकाच संचाला अँटेना व तबकडी दोन्ही जोडतां येत. परंतु मार्च २०२२ पर्यंत दूरदर्शनचीं बहुतेक जुनीं भू-प्रक्षेपणें बंद झालीं, आणि अँटेनेचें काम सरलें. सह्याद्री वाहिनीही आतां तबकडीनें घरांत येते.

तथापि नव्या साधनांत एक उणीव आहे. तबकडीच्या लहरी फार आंखूड असल्यामुळें दाट पावसानें त्या क्षीण होतात. अँटेनेच्या लांब लहरींना ही बाधा फारशी नसे. नार-पार नद्यांना पूर चढावा, बातमीची निकड असावी, आणि नेमका तेव्हांच पडदा काळा व्हावा! शहाण्या गृहस्थानें तबकडी खुशाल ठेवावी. मात्र आषाढापूर्वीं रेडिओंत नवे सेल घालण्यास विसरूं नये.