निवृत्तांच्या औषधांची तजवीज

आंबिया बहाराची संत्री तोडणीस येतात, त्याच नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी वरूडच्या बँकेत येणाऱ्या, केंद्र सरकारच्या चाकरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांपुढे एक निवड असते: केंद्रीय आरोग्य योजनेच्या, म्हणजे सीजीएचएसच्या, औषधांसाठी नागपूरच्या दवाखान्याचे हेलपाटे पत्करावेत, की योजनेच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्यांस मिळणारा दरमहा १००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता घेऊन औषधे गावातच खरेदी करावीत. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या ज्यांस नित्य लागतात, त्यांनी आधी महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडावा. मला मात्र तिसरा मार्गच सुज्ञपणाचा वाटतो, तो असा की, नित्याच्या औषधांपुरता भत्ता घ्यावा आणि वर्गणी भरून रुग्णालयातील उपचारांपुरती योजना राखावी.

सत्तरी गाठलेल्या सर्वांस ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे वार्षिक ५ लाखांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे खरे, परंतु सीजीएचएसच्या लाभार्थ्यांस दोहोंपैकी एकच योजना निवडावी लागते. शिवाय हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यापुरते असून, घरी परतल्यावर पंधरा दिवसांपुढील गोळ्यांचा खर्च त्यात येत नाही.