'पाणी जाला' म्हणणाऱ्याचं व्याकरण



हिंदी बोलणाऱ्या घरातला, नुकताच मराठी बोलू लागलेला कुणी समजा म्हणाला, 'नळाचा पाणी जाला.' आपण हसतो, नाहीतर 'गेलं' म्हणून सुधारतो आणि पुढे जातो. मला मात्र या तीन शब्दांपाशी थांबायचं आहे. मराठीत पाणी नपुंसकलिंगी. हिंदीत नपुंसकलिंगच नाही आणि तिथे पाणी पुल्लिंगी आहे. तेव्हा 'नळाचं'चा 'नळाचा' कसा झाला ते उघड आहे. पण 'जाला'मधला 'जा' कुठून आला? हिंदीत 'गया', मराठीत 'गेला'. या क्रियापदाचं भूतकाळी रूप दोन्ही भाषांत 'ग'नेच सुरू होतं. नुसती हिंदीची सवय आड येत असती, तर निदान 'ग' तरी जागेवर राहिला असता. बोलणाऱ्याने बसला, उठला, निघाला, पळाला ही रूपं ऐकली आणि त्यांतून मनाशी एक नियम काढला, की मूळ क्रियापद घ्यायचं आणि त्याला 'ला' जोडायचा. मराठी घरातली लहान मुलं काही काळ 'केलं' न म्हणता 'करलं' म्हणतात, तीही याच नियमाने. म्हणजे 'जाला' या एका शब्दात लिंग हिंदीचं आहे, प्रत्यय मराठीचा आहे आणि तो लावण्याची रीत शिकणाऱ्याने स्वतः घडवलेली आहे. ही हिंदीही नाही आणि मराठीही नाही. भाषाविज्ञानात हिला अंतरभाषा म्हणतात, मी साधेपणाने मधली भाषा म्हणेन. माझं म्हणणं असं, की मधली भाषा म्हणजे मोडकीतोडकी मराठी नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण असतं, आणि ते वाचता आलं नाही तर शिकवणाऱ्याचे बरेच कष्ट वाया जातात.

दुसऱ्या भाषेतल्या चुका मातृभाषेमुळे होतात, हे मत जुनं आणि भक्कम आहे. रॉबर्ट लाडो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने 1957 मध्ये ते शिस्तीत मांडलं. दोन भाषा शेजारी ठेवा, त्या जिथे वेगळ्या तिथे शिकणारा अडखळणार. दहा वर्षांनी पिट कॉर्डर यांनी प्रश्नच फिरवला. चूक ही खोडून टाकायची गोष्ट नसून शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं आहे याचा पुरावा आहे, असं त्यांनी म्हटलं. आणि 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या व्यवस्थेला स्वतंत्र नाव दिलं. मातृभाषेचा प्रभाव त्यांनी नाकारला नाही. अनेक कारणांपैकी ते एक, असं त्यांचं म्हणणं होतं.

यावर पहिला आक्षेप असा, की नाव नवं दिलं तरी शेवटी सगळं मातृभाषेवरच येतं. तो तपासायला नकाराचं उदाहरण चांगलं आहे. नॉर्वेजियन भाषेत साध्या वाक्यात नकार क्रियापदानंतर येतो. तेव्हा इंग्रजी शिकणारं नॉर्वेजियन मूल 'आय लाइक नॉट दॅट' म्हणेल, अशी अटकळ कुणीही बांधील. रोअर राव्हेम यांनी 1968 मध्ये अशा एका मुलाचं बोलणं नोंदवलं, तर ते म्हणत होतं 'आय नॉट लाइक दॅट'. नकार क्रियापदाच्या आधी. ही रचना नॉर्वेजियन नाही आणि इंग्रजीही नाही, पण इंग्रजीच बोलत वाढणारी मुलं एका टप्प्यावर अगदी अशीच वाक्यं करतात. प्रौढांचा पुरावा याहून मोठा आहे. 1980 च्या दशकात युरोपातल्या पाच देशांत स्थलांतरित कामगारांच्या भाषेचा अभ्यास झाला. ब्रिटनमधले पंजाबी, जर्मनीतले तुर्की आणि इटालियन, फ्रान्समधले अरबी बोलणारे, असे कितीतरी लोक त्यात होते. वर्गात फारसं न जाता, रोजच्या कामातून ते नवी भाषा उचलत होते. मातृभाषा इतक्या निरनिराळ्या, तरी एका टप्प्यावर सगळ्यांची मांडणी सारखी दिसली. क्रियापद एकाच रूपात, त्याला प्रत्यय नाही. करणारा वाक्यात आधी. काळ दाखवायचा तो 'काल', 'उद्या', 'मग' अशा शब्दांनी. वोल्फगांग क्लाइन आणि क्लाइव्ह पर्ड्यू यांनी 1997 मध्ये या व्यवस्थेचं जे वर्णन केलं, ते वाचताना माणसाच्या बुद्धीबद्दल आदर वाटतो. अपुऱ्या शब्दांवर, कुणी न शिकवता, या माणसांनी संसार चालेल एवढी भाषा उभी केली होती.

आता दुसरा आक्षेप. चुकांनाच व्याकरण म्हटलं, तर मग दुरुस्त काय करायचं? तसंच सोडून द्यायचं? हा आक्षेप खरा जड आहे, कारण मधली भाषा पुष्कळदा वाटेत गोठते. अमेरिकेत जॉन शूमन यांनी कोस्टारिकाहून आलेल्या एका 33 वर्षांच्या माणसाचा अभ्यास केला. तो 'नो' थेट क्रियापदाला जोडून नकार करायचा आणि महिनोन्‌महिने तिथेच राहिला. शूमन यांनी त्याला नकाराचे धडे दिले. मुद्दाम विचारलेल्या वाक्यांत सुधारणा झाली, पण सहज बोलताना 'नो' आपल्या जागी कायम होता. बुद्धी कमी होती असंही नाही. इंग्रजी बोलणाऱ्या समाजाशी त्याचा संबंध फार थोडा होता, यावर शूमन यांनी बोट ठेवलं. सांगून, खोडून, घोकून मधली भाषा हलत नाही, हे या माणसाकडून कळतं. मग ती हलते कशाने? जर्मनीत राहणाऱ्या इटालियन मुलांना मानफ्रेड पिनेमान यांनी एक वाक्यरचना शिकवली. तिच्या अगदी आधीच्या पायरीवर जी मुलं होती, त्यांनी ती उचलली. दोन पायऱ्या मागे असलेल्यांना शिकवण्याचा उपयोग झाला नाही. प्रयोग छोटा होता आणि त्यावर वाद आहेत, तरी दुरुस्तीला वेळ असते ही गोष्ट मला त्यातून पटते. दुरुस्ती करूच नये, असं मी म्हणत नाही. समोरच्याचा आजचा नियम कोणता, हे ओळखून ती करावी.

एका ठिकाणी मात्र सेलिंकर यांच्याशी माझं जमत नाही. मधली भाषा एकट्यादुकट्याचीच नव्हे तर साऱ्या समूहाचीही गोठू शकते, असं सांगताना त्यांनी भारतीय इंग्रजीचं उदाहरण दिलं. ब्रज काचरू आणि इतर भारतीय अभ्यासकांनी हे मानलं नाही, आणि ते बरोबर होतं. जी इंग्रजी पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेरच्या सगळ्या व्यवहारात चालते, जिच्यात पुस्तकं आणि निकालपत्रं लिहिली जातात, ती लंडनच्या वाटेवर थबकलेली नाही. तिला तिथे जायचंच नाही. मधली भाषा कुठे संपते आणि नवी बोली कुठे सुरू होते, हे वापरणारा समाज ठरवतो. सांगलीजवळच्या कुपवाडचं बोलणं जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये जगापुढे आणलं. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावं. पण म्हणून तिथला कन्नड माणूस चुकीचं कन्नड बोलतो, असं कोण म्हणेल?

हा विषय आपल्याकडे आता अभ्यासकांपुरता राहिलेला नाही. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. हिंदी, गुजराती, तमिळ, उर्दू घरांतली मुलं ती शिकणार. एखादं मूल 'मुलगाला' लिहील, 'घरमध्ये' लिहील. त्याने प्रत्यय अचूक निवडलेला आहे, फक्त प्रत्ययापूर्वी नाम बदलतं, म्हणजे त्याचं सामान्यरूप होतं, हे त्याला अजून उमगायचं आहे. आजच्या तपासणीत असा शब्द आणि प्रत्ययच न लावलेला शब्द, दोन्हींवर सारखीच लाल रेघ पडते. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि शिकवण्याच्या दृष्टीने तोट्याचंही. कोणत्या घरातल्या मुलाला सामान्यरूप आधी जमतं आणि कोणाला नपुंसकलिंग, हे या मुलांच्या वह्यांतून आणि बोलण्यातून नोंदवता येईल. शिक्षकांनी ते वर्गावर्गातून जमवावं, विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ते पडताळावं, आणि मराठी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्या पाठ्यपुस्तकांतला धड्यांचा क्रम त्यावर ठरावा.