महायुद्धाचा सातबारा

मंडळी, महायुद्धं का झाली, कोण कोणाच्या बाजूने होतं, हे तुम्ही शाळेत शिकलात. त्यात मी वेळ घालवत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांना 1945 साली इटलीतल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याचा अभिमान आपल्याला आहेच. पण माझं म्हणणं गेली कित्येक वर्षं एकच आहे: महायुद्ध या भागात बंदुकीपेक्षा साखरेतून जास्त शिरलं. ते स्मारकावर सापडत नाही. ते जमिनीच्या उताऱ्यावर शोधावं लागतं.

पहिल्या युद्धात युरोपातली बीटची साखर बंद झाली. जावाची साखर आणायला जहाजं मिळेनात. भाव चढले, आणि 1919 साली सरकारने साखर समितीच नेमली. इकडे भंडारदऱ्याचं काम चालू होतं; 1910 ला सुरू झालेलं ते धरण 1926 ला पुरं झालं. म्हणजे प्रवरेच्या काठाला पाण्याची सोय झाली, पण शेतकऱ्याच्या हातात पैसा कुठला? 1918 ला पावसाने दगा दिला, वर इन्फ्लुएंझाने घरंच्या घरं ओस पाडली. अशा वेळी बेलापूर कंपनी आली. हरेगावला कारखाना उभा राहिला आणि त्याच्या उसासाठी जमिनी खंडाने गेल्या.

(मागून आवाज : कंपनीने माळाचं सोनं केलं!)

केलं, मी नाही म्हणत नाही. रोजगार आला, बाजार वाढला, बेलापूर रोड स्टेशनाभोवती श्रीरामपूर वसलं. पण सोनं ज्याच्या रानात पिकलं त्याला खंड मिळाला आणि साखरेचा भाव दुसऱ्याने घेतला. ज्याच्या नावावर रान, तोच किंवा त्याचा मुलगा कारखान्यात पाळीवर जाऊ लागला. म्हणून शेतकऱ्याचा इतिहास एका धड्यात आणि कामगाराचा दुसऱ्या धड्यात, ही विभागणी मला मान्य नाही. एकाच घरातली दोन माणसं आहेत ती.

खंडकऱ्यांचं एवढं सांगणार नव्हतो, पण समोर तुम्ही बसला आहात, तर सांगतोच. 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला, 1963 ला शेती महामंडळ झालं. जमिनी कंपन्यांकडून निघाल्या त्या महामंडळाकडे गेल्या. मूळ मालक बाहेरच! मोर्चे निघाले, कज्जे चालले, आणि 2012 साली जमिनी परत द्यायला सुरुवात झाली. युद्धाच्या काळात सही किंवा अंगठा देणारा माणूस तोवर राहिला होता का?

(टाळ्या)

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली. अहो, दुसरं महायुद्ध अजून सुरूच व्हायचंय! (हशा)

मुंबईचं झटपट सांगतो. पहिल्या युद्धात चांदीची टंचाई झाली, 1917 ला एक रुपयाची नोट निघाली. गिरण्यांनी युद्धात अमाप नफा मिळवला. धान्य-कापड महागलं, पगार मागेच राहिला. जानेवारी 1919 मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. 1940 च्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी पुन्हा तेच. पुढे मुंबईत रेशन आणि खेड्यात धान्याची लेव्ही. गावाकडचा भाऊ सरकारी भावाने धान्य घालत होता आणि मुंबईतला भाऊ रेशनच्या रांगेत उभा होता.

मात्र या वेळी आपले लोक गप्प राहिले नाहीत. 1945 मध्येच इथे बेलापूर रोडला बागाईतदारांची परिषद झाली, अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. ऊस आमचा, तर कारखानाही आमचा का नसावा, हा विचार या भागात पक्का होत गेला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल जमवलं आणि 1950 मध्ये प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम सुरू झाला.

वेळ संपली, थांबतो. ज्यांच्या घरी खंडाचे जुने कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नका. उद्या सकाळी मी गावातच आहे. घेऊन या, मला वाचायचे आहेत.