देवांचीं युद्धें आणि माणसाची भाकर

(बलिप्रतिपदेच्या दिवशीं गांवच्या चावडीपुढें जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शाळामास्तरानें केलेलें भाषण)



आज बळीचा पाडवा. आपल्या घरोघरच्या मायबहिणी ओवाळतांना 'इडा पिडा टळो, बळीचें राज्य येवो' असें म्हणतात. शाळेंत मीं वामनाची गोष्ट सांगितली तेव्हां एका कुणब्याच्या पोरानें उभें राहून विचारलें, "मास्तर, बळी जर दानशूर होता, रयत जर सुखी होती, तर देवानें त्याला पाताळांत कां घातलें? आणि घातलें तें बरें केलें असेल, तर माझी आई त्याचेंच राज्य परत कां मागते?" खरें सांगतों, मला त्या मुलाला एका वाक्यांत उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर देण्यासाठीं आज मी उभा आहें. मात्र त्याकरितां तुम्हांला थोडा वेळ एका दूरच्या देशांत यावें लागेल. कारण देवांचीं युद्धें ही कांहीं आपल्याच पोथ्यांची मिरास नव्हे, आणि दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकली म्हणजे आपल्या घरची नीट समजते.

तो देश म्हणजे आजचा इराक. तैग्रीस व युफ्रेटीस या दोन नद्यांमधला हा मुलूख. दक्षिणेकडे पाऊस फार थोडा. पीक येतें तें पाटाच्या पाण्यावर. पाट गाळानें भरतात; ते उपसले नाहींत तर गांव उपाशी मरतें. तेथले लोक ओल्या मातीच्या विटेवर बोरूनें अक्षरें उमटवीत. आपल्या कुंभारबंधूंना हें सांगायला नको कीं माती एकदां भाजली म्हणजे हजारों वर्षें टिकते. त्यामुळें त्यांच्या पोथ्या जमिनीच्या पोटांत राहिल्या आणि आपल्या हातीं लागल्या.

पण त्या वाचल्या कोणीं? यांतला एक मोठा वाचक कोणी पंडिताचा मुलगा नव्हता. जॉर्ज स्मिथ हा इंग्लंडांतल्या गरीब घरांतला, 1840 सालीं जन्मलेला. चौदाव्या वर्षीं तो नोटांचे ठसे कोरण्याच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून लागला. जेवणाच्या सुटींत तो लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें जाऊन त्या विटा पाही. कोरीव कामानें डोळा तयार झालेला, म्हणून जीं अक्षरें इतरांना ओरखड्यांसारखीं दिसत, तीं त्याला उलगडूं लागलीं. 1872 सालीं निनवे शहराच्या अवशेषांतून आलेल्या एका फुटक्या विटेवर त्याला महापुराची कथा सांपडली, आणि 3 डिसेंबर 1872 रोजीं त्यानें ती लंडनच्या विद्वानांच्या सभेंत वाचून दाखविली. पुढें 1876 सालीं त्याच कामासाठीं परदेशीं फिरत असतां तो आजारानें वारला. कारागिराच्या हातांत अक्षर आलें म्हणजे काय होतें, हें माझ्या सुतार, लोहार, सोनार बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.

आतां गोष्ट ऐका. त्याच पुराची याहून जुनी व भरपूर कथा तीन विटांवर लिहिलेली सांपडली आहे. त्या विटांचें वय साडेतीन हजार वर्षांहून अधिक आहे. 1969 सालीं लँबर्ट व मिलार्ड या विद्वानांनीं ती जुळवून छापली. तिच्यांतल्या शहाण्या माणसाचें नांव अत्रहासिस.

कथेच्या आरंभीं माणूसच नाहीं. नुसते देव आहेत, आणि त्यांतही दोन वर्ग. वरचे देव हुकूम करणार. खालचे देव पाट खणणार, नद्या उकरणार. असें युगानुयुगें चाललें. शेवटीं खालच्या देवांची पाठ मोडली. त्यांनीं आपल्या कुदळी आणि टोपल्या पेटवून दिल्या, आणि मध्यरात्रीं वरच्या देवाच्या, एन्लिलच्या, वाड्याला वेढा घातला. एन्लिल घाबरला. पुढारी कोण तें सांगा, असें त्यानें विचारलें, तर उत्तर आलें कीं आम्ही सगळेच. मंडळी, जगांतल्या जुन्यांत जुन्या देवयुद्धांपैकीं हें एक. आणि तें कशासाठीं झालें? स्वर्गासाठीं नव्हे, अमृतासाठीं नव्हे. गाळाची टोपली कोणीं उचलावी यासाठीं!

तडजोड अशी निघाली. ज्या देवाच्या अंगीं बुद्धि होती अशा एका देवाला मारलें, त्याचें रक्तमांस मातींत कालवलें, आणि त्या मातीचा माणूस केला. सात पुरुष, सात स्त्रिया. मग देवांच्या डोक्यावरची टोपली माणसाच्या डोक्यावर दिली. देव सुटले, माणूस बांधला गेला. पण माणसाच्या पिंडांत बुद्धि गेलेली होती, हें विसरूं नका.

पुढें माणसें वाढलीं. त्यांचा गलबला एन्लिलला सोसवेना. त्याची झोंप मोडूं लागली. म्हणून त्यानें पहिल्यानें रोगराई सोडली. नंतर पाऊस बंद केला. काळीं शेतें पांढरीं पडलीं, रानांत मीठ फुललें. नीरेच्या किंवा कृष्णेच्या काठीं पाटाखालची जमीन चोपण झालेली ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हें मीठ म्हणजे काय तें ठाऊक आहे. पाण्याला वाट न ठेवतां भिजवीत गेलें म्हणजे खालचा क्षार वर येतो. कवीनें तो देवाचा कोप म्हणून लिहिला; पण शेत त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें होतें.

आतां या कथेंतली सर्वांत मोलाची गोष्ट. एन्की नांवाचा एक देव माणसांच्या बाजूचा होता. रोगराई आली तेव्हां त्यानें अत्रहासिसला काय सल्ला दिला? सगळ्या देवांची आणखी पूजा करा, आणखी नैवेद्य द्या, असा नव्हे. तो म्हणाला, दवंडी पिटवा आणि बाकीच्या सगळ्यांचें पूजन बंद ठेवा. रोगाचा जो धनी आहे त्याचें दार शोधा, आणि भाजलेली भाकर घेऊन तेवढ्याच दाराशीं जा. लोकांनीं तसें केलें. तो रोगाचा देव ओशाळला आणि त्यानें हात मागें घेतला. दुष्काळांत पावसाच्या देवाशीं असेंच वागले, आणि रातोरात दंव पडूं लागलें.

बंधूंनो, ही गोष्ट मीं वाचली तेव्हां बराच वेळ पुस्तक मिटून बसलों. नेमकें दार शोधा! आपल्यावर संकट आलें म्हणजे आपण किती दारें धुंडाळतों? भगताचें दार, अंगांत येणाऱ्याचें दार, मुहूर्त काढणाऱ्याचें दार, आणि शेवटीं सावकाराचें दार. आजाराचें खरें दार मात्र राहून जातें. ज्या रोगाला आपण 'देवी' असेंच नांव दिलें होतें, ज्याच्यापुढें पिढ्यान्‌पिढ्या कोंबडीं कापलीं, तो रोग लस टोचून गेला. 1980 सालीं तो साऱ्या जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. पांचव्यासहाव्या दिवशीं सटवाई लेकराचें कपाळ लिहिते आणि कांहींना उचलून नेते, असें आपल्या आज्या म्हणत. त्यांतलीं कितीतरी लेकरें मळक्या विळ्यानें वा पात्यानें नाळ कापल्यामुळें धनुर्वातानें जात होतीं. स्वच्छ पातें, आईला टोचलेली सुई आणि दवाखान्यांतलें बाळंतपण, एवढ्यानें ती सटवाई हटली. 2015 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्या बाबतींत हिंदुस्थानची खात्री करून घेतली. माताभगिनींनो, हें दार तुमच्या हातचें आहे. तें बंद होऊं देऊं नका.

परत गोष्टीकडे येऊं. रोगानें माणूस मरेना, दुष्काळानें मरेना, तेव्हां एन्लिलनें महापूर आणण्याचें ठरविलें, आणि माणसांना सांगणार नाहीं अशी सर्व देवांकडून शपथ घेतली. एन्की शपथेंत अडकला; म्हणून तो माणसाशीं न बोलतां बोरूच्या कुडाशीं बोलला. कुडाच्या आड अत्रहासिस होता. त्यानें घर मोडलें आणि नाव बांधली. सुतार कुऱ्हाड घेऊन आला, पोरांनीं डांबर वाहिलें, गरिबांनीं जें जवळ होतें तें आणलें. गिल्गमेशच्या कथेंत तर नावेंत गुरेंवासरें, रानांतलीं जनावरें आणि हरएक धंद्याचे कारागीर घेतल्याचें लिहिलें आहे. जग पुन्हां उभें करायचें तर राजाच्या मुकुटानें तें उभें राहत नाहीं. हातांत कसब लागतें, हें त्या कवीला कळलें होतें.

सात दिवस, सात रात्री पूर चालला. माणसें बुडालीं. आणि मग काय झालें? देव उपाशी पडले! नांगरणारा नाहीं, दळणारी नाहीं, भाकर भाजणारी नाहीं. मग नैवेद्य कोठून येणार? घसा कोरडा, पोटांत कळा. ज्या देवीनें माणूस घडविला ती आपल्या लेकरांसाठीं रडली. पूर ओसरल्यावर वांचलेल्या एका माणसानें अन्न शिजवून पुढें ठेवलें, तेव्हां ते सगळे थोर थोर देव माश्यांसारखे त्यावर जमले. विचार करा! आपण पोसलें जातों देवाच्या कृपेनें, असें आपल्याला सांगण्यांत आलें. इतकी जुनी पोथी मात्र सांगते कीं देवच माणसाच्या घामावर पोसले जात होते.

आतां दुसरी पोथी. बाबिलोन शहर मोठें झालें, तेव्हां तेथल्या भिक्षुकांनीं आपल्या नगरदेवतेची, मर्दुकाची, सात विटांची कथा रचली. त्यांत मर्दुक तियामत नांवाच्या समुद्रदेवीला मारतो, तिचें शरीर चिरून आकाश करतो, तिच्या सेनापतीच्या रक्ताचा माणूस करतो, आणि देवांचा राजा होतो. वर्षप्रतिपदेच्या उत्सवांत चौथ्या दिवशीं ही कथा देवळांत म्हणत. पुढें असुरिया देशाच्या राजानें, सेनाखेरीबानें, इसवी सनापूर्वीं 689 सालीं बाबिलोन उद्ध्वस्त केलें. आणि असुरियांत त्याच कथेची जी प्रत लिहिली गेली, तिच्यांत मर्दुकाचें नांव खोडून त्यांच्या देवाचें, अश्शूराचें, नांव घातलें! युद्ध तेंच, पराक्रम तोच, फक्त देव बदलला. कां? तर राजा बदलला म्हणून. खालीं ज्याची तलवार, वर त्याचा देव.

जोतीराव फुल्यांनीं 'गुलामगिरी' लिहिली ती 1873 सालीं, म्हणजे स्मिथनें आपली वीट वाचून दाखविली त्याच्या पुढच्याच वर्षीं. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचें कारण नाहीं. मच्छ, कच्छ, वराह, नरसिंह, वामन या कथा घेऊन जोतीरावांनीं विचारलें कीं यांत देव कोण, दैत्य कोण, आणि खालीं तुडविलेला कोण. त्यांनीं लावलेला प्रत्येक तपशील आजचे इतिहासकार तसाच मानीत नाहींत, आणि तसा हट्ट आपणही धरूं नये. सत्यशोधकाला हट्ट शोभत नाहीं. पण त्यांनीं विचारलेला प्रश्न त्या इराकी विटांनीं खरा ठरविला आहे. देवांच्या युद्धाखालीं माणसांचें युद्ध असतें, आणि त्याखालीं पाट, शेत व भाकर असते. जोतीरावांच्या घरानें तें कृतीनें दाखविलें. पुण्यास प्लेग आला तेव्हां सावित्रीबाई कोणाच्या कोपाची शांति करीत बसल्या नाहींत. रोग्यांची सेवा करतां करतां त्या 10 मार्च 1897 रोजीं त्याच रोगानें गेल्या.

आतां त्या पोराचें उत्तर. बाळ, बळीचा अपराध पोथींत लिहिलेला आहे: त्यानें देवांची जागा घेतली. पण त्याच्या रयतेचा अपराध पोथींत कोठें लिहिला आहे काय? नाहीं. कारण लिहिणाऱ्यानें तिला विचारलेंच नाहीं. पोथी जिंकणाऱ्याच्या बाजूनें लिहिली गेली, आणि जें लिहितां आलें नाहीं तें तुझ्या आईनें ओवाळतांना तोंडानें जपलें. म्हणून ती त्याचें राज्य मागते. ती चुकत नाहीं.

मंडळी, माझें मागणें थोडें आहे. पोरींना आणि पोरांना शाळेंतून काढूं नका. मधल्या सुटींत वाचणारा एखादा स्मिथ आपल्याही आळींत असेल. संकट आलें तर दहा दारें फिरूं नका. गांवानें एकत्र बसून नेमकें दार कोणतें तें ठरवा. दुखण्याचें दार डॉक्टराकडे, पाण्याचें दार पाटबंधाऱ्याच्या कचेरींत, कर्जाचें दार सोसायटींत. आणि जातांना एकटे जाऊं नका, सगळे मिळून जा. देवळांत जाणाऱ्यानें खुशाल जावें. पण नैवेद्याचें ताट उचलतांना इतकें मनांत असूं द्या कीं त्यांतला दाणा आपण पिकविला, तें ताट आपल्या तांबटानें घडविलें. ज्याच्यावांचून देवही उपाशी राहिले, तो माणूस लाचार नाहीं.

 सत्यमेव जयते.